थोरलीचा पंप

ट्रकला ‘थोरली’ हे नाव काकूंनी ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा ट्रक आधीपासून अंगणात ठाण मांडून उभा होता. नवरा जेवायला बसण्याआधी त्याला बघून यायचा, झोपण्याआधी बघून यायचा, आणि आभाळ भरून आलं की दोरीवरचे कपडे तसेच ठेवून आधी ट्रकवर ताडपत्री टाकायला धावायचा. पहिल्याच महिन्यात काकूंनी सुनावलं, “ही तुमची थोरली, मी धाकटी. नांदीन तिच्याबरोबर. पण तिचं काळं तेल माझ्या मोरीत धुवायचं नाही, सांगून ठेवते.” नवरा हसला. तेल मात्र जन्मभर मोरीतच धुतलं गेलं.

नवऱ्याला गल्लीत सगळे उस्ताद म्हणायचे. हाडाचा ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरपेक्षाही मोठा मेस्त्री. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. इंजिनाचा आवाज ऐकून ते रोग सांगत, आणि एकदा सांगितला की मग आकाश कोसळलं तरी मागे घेत नसत. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी थोरली पोराच्या हातात दिली आणि स्वतः अंगणात खुर्ची टाकून पोराच्या कामात चुका काढायचं काम पत्करलं. तेही त्यांनी मन लावून केलं.

आता थोरली जायची होती. पोराचा जोडीदार संध्याकाळी येऊन ती घेऊन जाणार होता. दोघं लांबच्या खेपा एकत्र करायचे; एक मागे झोपला की दुसरा चालवायचा. सकाळीच त्याने चार्ज केलेली बॅटरी आणून बसवली, चाकांत हवा भरली आणि निघताना म्हणाला, “उस्ताद, नाही सुरू झाली तर जिवाला लावून घेऊ नका. क्रेन आणतो, ओढून नेऊ.”

“ओढून न्यायची नाही,” काकू दारातून म्हणाल्या. “माझ्या पोराला या दारात उचलून आणावं लागलं. त्याची गाडी कुणी ओढत नेलेली मला बघवायची नाही. जाईल तर आपल्या पायांनी जाईल. नाहीतर जाणारच नाही.”

जोडीदार निघून गेला. उस्तादांनी बाह्या वर सारल्या.

पोराला जाऊन वर्ष झालं होतं. बरेच दिवस पोटात दुखतंय म्हणायचा, पण खेपा चालूच होत्या. मग एका संध्याकाळी परत आला, थोरली अंगणात लावली, बराच वेळ तिच्या आजूबाजूला खुडबुड करत राहिला, मोरीत हात धुतले, चावी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, “साधी तपासणी आहे. उद्या-परवा घरी येतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेला. त्यानंतर ऑपरेशन झालं, घशात नळी घातली, बोलणं बंद झालं.

शेवटच्या दिवशी तो चांगला शुद्धीवर होता. उजवा हात गादीवरून थोडासा उचलून अंगठा आणि दोन बोटं जुळवायचा आणि फिरवायचा. पुन्हा फिरवायचा. उस्तादांना वाटलं, पंखा कमी करायला सांगतोय. त्यांनी उठून पंखा कमी केला. पोराने मान हलवली, नाही. त्यांनी पंखा वाढवला. पुन्हा नाही. काकूंना मात्र लगेच कळलं. बाटलीचं झाकण. पाणी मागतोय. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की पाण्याचा थेंबही पोटात जाता कामा नये. काकूंनी ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले आणि म्हणाल्या, “उद्या देते हं राजा, उद्या भरपूर देते.” पोरगा बापाकडे बघत राहिला, हात फिरवत राहिला, मग दमून त्याने डोळे मिटले. पहाटे तो गेला.

तेव्हापासून काकू रोज सकाळी एक बाटली ताज्या पाण्याने भरायच्या, थोरलीच्या केबिनमध्ये चढून सीटशेजारच्या खाचेत ठेवायच्या आणि कालची बाटली घेऊन खाली उतरायच्या. कुणी समजवायला गेलं की एकच वाक्य, “तहानलेला गेला माझा. माझ्या हाताशी पाणी असून तहानलेला गेला.” तो बापाकडे का बघत होता याचंही उत्तर त्यांच्यापाशी होतं. आई देत नाही म्हणून बापाकडे मागत होता.

उस्तादांनी स्वतःच्या आणि बायकोच्या जखमेवर लावायला एक मलम शोधून काढलं होतं. “त्याला कळलं नाही,” ते म्हणायचे. “हेच बरं झालं. आपण चाललोय हे त्याला कळलंच नाही. कळलं असतं तर बोलला नसता का? उद्या-परवा येतो म्हणून गेला तो.” रोज रात्री दिवा मालवताना हे वाक्य व्हायचं. काकूंना त्याने झोप यायची की नाही कोण जाणे, पण उस्तादांना यायची.

तर, बॅटरी होती, टाकीत काठी घालून बघितलं तर डिझेलही होतं. काकू केबिनमध्ये चढल्या. घरी गाडीचं काम निघालं की आतली बाजू त्यांचीच, ही या घराची जुनी रीत. उस्तादांचं डोकं इंजिनात असायचं आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, म्हणून पत्र्यावर दोन ठोके म्हणजे सेल्फ मार, एक ठोका म्हणजे थांब. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, पण या ठोक्यांवर त्यांनी आयुष्यभर चावी फिरवली होती. पोरगा पोटात असतानाही फिरवली होती.

दोन ठोके. काकूंनी चावी फिरवली. इंजिन कण्हलं, घरघरलं, फिरत राहिलं, पण पेटलं नाही. एक ठोका.

उस्ताद मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकले. धुराचा मागमूस नव्हता. “डिझेल येत नाही,” त्यांनी जाहीर केलं. “पंप मेला.”

“बघा तरी नीट.”

“बघायचंय काय त्यात? दहा वर्षं सांगतोय मी, हा पंप जाणार म्हणून. ऐकतंय कोण?”

हे पोराला उद्देशून होतं. या पंपावरून बापलेकात जुनी लढाई होती. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे पाठवणारा तो मुठीएवढा पंप बरीच वर्षं थेंब थेंब गळायचा. अंगण उताराचं, त्यामुळे थोरली चार-आठ दिवस उभी राहिली की वरच्या अंगाच्या टाकीतून डिझेल खाली यायचं आणि पंपातून ठिबकत जमीन काळी करायचं. उस्तादांनी तेव्हाच नवीन पंप आणून ठेवला. पोरगा म्हणाला, “बाबा, पंपाला काही झालेलं नाही. नुसते वायसर जुने झालेत. तुमचं म्हणजे ताप आला की आधी डोकं खोलून बघायचं.” त्याने वायसर बदलले, आणि खात्री म्हणून टाकीच्या मागच्या बाजूला, पाइप निघतो तिथे, डिझेल अडवायला एक छोटासा पितळी कॉक बसवला. एक-दोन रात्रींसाठी तो त्याला हात लावत नसे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असली तरच कॉक बंद करायचा, आणि धक्क्याने फिरू नये म्हणून त्याला एक चिंधी बांधायचा. त्याच कापडाची दुसरी चिंधी स्टेअरिंगला. म्हणजे पुढे जो कुणी चावी लावायला बसेल त्याला दिसावं की खाली कॉक बंद आहे.

उस्तादांनी त्या कॉकची यथेच्छ टर उडवली होती. “पंप बदलायचा सोडून गाडीला शेगडीची कळ लावतोय,” असं ते चार लोकांत सांगायचे. स्वतः त्यांनी त्या कॉकला कधी बोट लावलं नाही. नवीन पंप तेलकट कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत आपला दिवस यायची वाट बघत पडला होता.

तो दिवस आज आला होता. उस्तादांनी पेटी उघडली, कागद सोडवला, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद उमटला. मग कुणाशी जिंकलो हे आठवलं आणि तो मावळला.

काम सुरू झालं. उस्ताद पोटावर झुकून इंजिनाच्या कुशीत शिरले, काकू खाली उभ्या राहून पाने देऊ लागल्या.

“चौदाचा.”

“हा घ्या.”

“हा सतराचा आहे.”

“मग तसं सांगा ना, की डोळे फुटलेत म्हणून वाचता येत नाही. हा बघा, चौदाच लिहिलंय.”

तो चौदाचाच होता. उस्तादांनी मुकाट्याने घेतला.

पाइप सोडवण्याआधी त्यांनी खाली पत्र्याचा डबा ठेवला, कारण टाकी वरच्या अंगाला, पाइप सुटला की डिझेलची धार लागणार. पाइप सुटला. डब्यात बशीभर डिझेल पडलं आणि थांबलं. काल कामाला लागलेल्या शिकाऊ मेस्त्रीनेही इथे डोकं खाजवलं असतं. टाकी भरलेली, उतार सरळ, मग धार कुठे गेली? पण उस्तादांचं निदान झालेलं होतं, आणि झालेलं निदान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. “वर्षभर उभी आहे, पाइप सुकलेत,” असं स्वतःला सांगून ते नटांकडे वळले.

तीन नटांपैकी दोन सरळ आले. तिसरा मागच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारा, नुसत्या बोटांनी शोधायचा. पूर्वी तो उस्ताद बोलता बोलता काढायचे. आता ते जमेना. पाना तीनदा निसटला आणि चौथ्यांदा अंगठ्याचं सालटं निघालं.

“पोराची बोटं लांब होती,” उस्ताद आतूनच म्हणाले. “तो एका दमात काढायचा हा नट.”

काकूंनी अंगठ्यासाठी फडकं पुढे केलं. थोड्या वेळाने नट निघाला. जुना पंप हातात आला. उस्तादांनी तो फडक्याने पुसला, बाजूच्या कट्ट्यावर ठेवला, जागा खरवडून साफ केली, नवीन पंप बसवला, नवे वायसर टाकले, नट आवळले, पाइप जोडले. ऊन अंगणाच्या अर्ध्यावर आलं. काकू मध्येच आत जाऊन चहा घेऊन आल्या आणि दोघांनी मडगार्डवर कप ठेवून तो उभ्यानेच प्यायला.

मग हवा काढायची. पंपाच्या डोक्यावर हाताने दाबायचा दट्ट्या असतो. तो मारत राहायचं, फिल्टरवरचा स्क्रू सैल ठेवायचा. आधी नुसती हवा, मग फेस, मग निव्वळ डिझेल. उस्तादांनी दट्ट्या मारायला सुरुवात केली. हवा नाही, फेस नाही, काही नाही. दंड भरून आला. मग एक गंमत झाली. दट्ट्या वर ओढून सोडला की तो आपोआप आत खेचला जाऊ लागला, कुणी आतून धरून ठेवल्यासारखा.

उस्ताद थांबले. असा दट्ट्या खेचला जातो तेव्हा पंप उत्तम ओढत असतो. पण पाठीमागचा रस्ता बंद असतो. हे त्यांनीच पोराला शिकवलं होतं.

“काय झालं?” केबिनमध्ये जाऊन बसलेल्या काकूंनी विचारलं. “मारू का सेल्फ?”

“थांब जरा. पाइपमध्ये कचरा असेल.”

ते गोणपाट अंथरून पाठीवर झोपले आणि कण्हत कण्हत टाकीखाली सरकले. पाइपवरून बोटं फिरवत फिरवत हात मागे गेला, टाकीच्या आडोशाला, आणि तिथे बोटांना कापड लागलं.

चौकड्याच्या शर्टाची चिंधी. धुळीने राखाडी झालेली, पण चौकडा कळत होता. व्यवस्थित दोन वेढे, वर गाठ. तिच्याखाली कॉक. बंद.

पहिल्यांदा उस्तादांना स्वतःचा राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळपासून कंबर मोडून घेतली, चांगला पंप उपटून काढला, आणि रोग इथे, हाताच्या अंतरावर. पण स्टेअरिंगला चिंधी नव्हती. असती तर त्यांनी आधी इथेच बघितलं असतं. पोरगा ती बांधायला कधी विसरत नसे. दोन चिंध्या म्हणजे दोनच, कधी एक नाही.

मग ते तसेच पडून राहिले.

पोरगा गेल्यापासून थोरलीखाली कुणी शिरलं नव्हतं. हा कॉक त्यानेच बंद केला होता, त्या संध्याकाळी, खुडबुड करत होता तेव्हा. उद्या-परवा येतो म्हणून सांगणाऱ्या माणसाने कॉक बंद केला होता. उद्या-परवासाठी तो कधीच बंद करत नसे. आणि स्टेअरिंगला चिंधी बांधली असती तर ती आईबापांना दिसली असती, बापाने विचारलं असतं, “का रे, गाडी किती दिवस उभी करतोयस?” म्हणून बांधली नाही.

त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. मोरीत हात धुताना, चावी खुंटीला अडकवताना, हसत पिशवी खांद्याला लावताना त्याला माहीत होतं.

वर्षभर रात्री दिवा मालवताना म्हटलेलं ते वाक्य उस्तादांना आठवलं. एवढं ओझं त्याने एकट्याने उचललं होतं, आणि आपण अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. त्या संध्याकाळीसुद्धा आपण काय म्हणालो होतो? “खुडबुड कसली करतोस, पंप बदल त्यापेक्षा.”

त्यांनी गाठीचं टोक ओढलं. एकाच हिसक्यात ती सुटली. पोराची गाठ तशीच असायची. चिंधी छातीवर पडली. कॉक वर्षभरात घट्ट बसला होता. पान्याला तिथे जागा नव्हती. त्यांनी अंगठा आणि दोन बोटं जुळवून तो पकडला आणि फिरवला. बोटं निसटली. पुन्हा फिरवला.

आणि त्यांना स्वतःचा हात दिसला.

अंगठा आणि दोन बोटं. फिरवलं, निसटलं, पुन्हा फिरवलं. गादीवरून थोडासा उचललेला तो हात, बापाकडे बघणारे ते डोळे. पंखा नाही. पाणी नाही. बाबा, कॉक. कॉक बंद आहे, बाबा, उघडा. नाहीतर बसाल पंप खोलून.

उस्तादांनी तेलकट बाही तोंडात कोंबली. तरी हुंदका बाहेर आलाच.

“अहो?” वरून आवाज आला. “लागलं का काही?”

टाकीखालच्या त्या अंधारात त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. कॉक गुपचूप उघडायचा, चिंधी खिशात घालायची, वर येऊन म्हणायचं, कचरा होता. गाडी सुरू होईल, जोडीदार घेऊन जाईल, आणि ‘त्याला कळलं नाही’ हे मलम तसंच राहील, निदान बायकोला तरी. पण मग उद्या सकाळी ती बाटली भरेल. गाडी नसली तरी भरेल, आणि रिकाम्या अंगणात घेऊन उभी राहील. तहानलेला गेला माझा. मरेपर्यंत तेच म्हणत राहील.

“अगं,” उस्ताद म्हणाले. “खाली ये. इकडे वाक.”

“माझे गुडघे का तुमच्यापेक्षा बरे आहेत?” असं म्हणत काकू उतरल्या, मडगार्डला धरून जमिनीवर बसल्या आणि मान वाकवून आत बघू लागल्या.

“हात बघ माझा,” उस्ताद म्हणाले. “बाकी काही नको. नुसता हात बघ.”

त्यांनी कॉक फिरवला. अंगठा आणि दोन बोटं. निसटली. पुन्हा फिरवला.

काकू बघत राहिल्या. मग त्यांचा स्वतःचा उजवा हात उचलला गेला आणि हवेतच तसा फिरला.

“हेच,” त्या म्हणाल्या. “हेच करत होता तो.”

“कॉक उघडायला सांगत होता. मला सांगत होता. पाणी नव्हता मागत.”

“खरं सांगताय?”

“त्याची शपथ.”

“पाणी नव्हता मागत?”

“नाही गं. तहान नव्हती त्याला. त्याला गाडीची काळजी होती. आणि माझ्या मूर्खपणाची.”

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या मोठमोठ्याने रडायला लागल्या. वर्षभरात त्या अशा रडल्या नव्हत्या. उस्ताद टाकीखाली पडल्या पडल्या तिचे पाय जमिनीवरच्या धुळीत घासले जाताना बघत होते आणि त्यांना वाटत होतं, बरं झालं, सांगितलं ते बरं झालं, हिचा काटा तरी निघाला. बाकीचं आपण पोटात ठेवू.

पण ती ड्रायव्हरची बायको होती आणि ड्रायव्हरची आई. रडणं ओसरलं तशी काकूंनी हात पुढे करून उस्तादांच्या छातीवरची चिंधी उचलली, झटकली, बोटांनी चौकडा चाचपला.

“हा शर्ट मीच फाडून दिला होता त्याला,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “स्टेअरिंगला नव्हती.”

उस्तादांनी टाकीकडे तोंड फिरवलं.

“मी रोज चढते वर. रोज बघते. स्टेअरिंगला चिंधी नव्हती.”

“नव्हती.”

“म्हणजे तो...” त्यांनी चिंधी मुठीत आवळली. “म्हणजे त्याला ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि मेला मला म्हणाला...” काकू तिथेच थांबल्या. लाडात पोराला मेला म्हणायची त्यांची जुनी सवय होती; वर्षभर त्यांनी तो शब्द तोंडातून येऊ दिला नव्हता. आता तो आपोआप आला. उस्तादांनी टाकीखालून हात बाहेर काढला आणि तिचा हात धरला. डिझेलने माखलेल्या त्या हातातून तिने आपला हात सोडवून घेतला नाही.

समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं.

“उघडा,” काकू शेवटी म्हणाल्या. “त्याने सांगितलंय तर उघडा.”

उस्तादांनी चिंधी मागून घेतली, कॉकभोवती गुंडाळली म्हणजे बोटं निसटणार नाहीत, आणि सगळा जोर लावून फिरवला. कॉक करकरला आणि वळला. पाइपमधून डिझेल उतरल्याचा बारीक आवाज आला.

यानंतरचं काम झटक्यात झालं. दट्ट्या मारला, स्क्रूपाशी हवा आली, फेस आला, निव्वळ डिझेल आलं. स्क्रू आवळला. काकू वर चढल्या. उस्तादांनी पत्र्यावर हात उचलला तेव्हा त्यांच्या मनात आलं की हे दोन ठोके शेवटचे.

दोन ठोके.

इंजिन दोनदा कण्हलं आणि पेटलं. काळा धूर अंगणभर पसरला, खिडकीच्या काचा थरथरल्या, गल्लीतलं एक कुत्रं भुंकत सुटलं. एका वर्षानंतर थोरलीने तोंड उघडलं होतं. काकूंनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते, चालवता येत नसतानाही, आणि त्या समोर बघत बसल्या होत्या. उस्तादांनी एक ठोका मारला नाही. चालू राहू दिली.

जोडीदार गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकून पळत आला. “उस्ताद! मानलं बुवा! काय झालं होतं?”

कट्ट्यावर जुना पंप, उस्तादांच्या हातात चिंधी, आणि सांगायचं काय?

“पंप गेला होता,” काकू केबिनमधून उतरता उतरता म्हणाल्या. “हे कधीपासून सांगत होते. बदलला, झाली सुरू. तुझ्या जोडीदाराने ऐकलं नाही कधी यांचं.”

उस्तादांनी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

जोडीदार वर चढला. सीट मागेपुढे केली, आरसा हलवला, पुन्हा होता तसा केला. शेजारच्या खाचेत त्याला बाटली दिसली. ती कशाची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून खाली दिली. “काकू, ही...”

काकूंनी बाटली घेतली. झाकण फिरवून उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं आणि त्याच्याकडे परत दिली.

“आजच भरलीय. तुला वाटेत लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि ऐक. खाली टाकीमागे एक कॉक आहे. आठ-पंधरा दिवस गाडी उभी करणार असलास तर बंद करत जा. पण घरात सांगून करत जा. काय सांगते?”

“हो काकू.”

“सांगून करत जा.”

थोरली अंगणातून बाहेर पडली, वळणावर थोडी दमली, गिअर पडला आणि पुढे गेली. आवाज बराच वेळ येत राहिला. मग येईना. अंगणात जिथे ती उभी असायची तिथे जमीन काळी होती आणि बाकी काही नव्हतं. काकू उस्तादांच्या हातातली चिंधी घेऊन ती धुवायला मोरीत गेल्या.

उस्ताद कट्ट्यावर बसले. जुना पंप शेजारीच होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, दट्ट्या ओढला, तोंडावर अंगठा दाबून बघितलं. अंगठा घट्ट ओढला गेला. पंपाला काहीही झालेलं नव्हतं. पोरगा म्हणायचा ते खरं होतं. अजून कितीतरी वर्षं चालला असता.